झडपेवरचं सूत

विजयादशमीच्या सकाळी राणोजी पंपघराच्या सहा पायऱ्या उतरला आणि त्याच्या नाकात जळका वास शिरला. वर क्लबच्या पोहण्याच्या तलावाचं पाणी हिरवट दिसू लागलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी शर्यती होत्या. मोटर फिरते का, एवढंच पाहायला त्याने स्टार्टरचा दांडा ओढला. मोटर नुसती घुमली, फिरली नाही. एक फ्यूज उडाला होता, तो बदलून पाहिला. पुन्हा तेच. त्याने झटकन मोटर बंद केली.

तेवढ्यात सेक्रेटरी व्यासराज राव नाकाला रुमाल लावून दारात हजर. जणू वाटच पाहत होते.

"केलंस ना सत्यानाश? यंत्राला आंघोळी घालतोस, गंध फासतोस! पाणी आत गेलं, मोटर जळली. उद्यापासून कामावर येऊ नकोस!"

राव आणि राणोजी, दोघेही मूळचे तंजावरकडचे. राव सभासदांशी इंग्रजी बोलत, वाढप्यांशी तमिळ. मायबोली मराठी त्यांना आठवायची ती फक्त राणोजीला झापताना.

राणोजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आंघोळ म्हणे! चौदा वर्षं त्याने या मोटरवर पाण्याचा थेंब पडू दिला नव्हता. आयुधपूजेला सगळं मद्रास आपापली हत्यारं, यंत्रं पुजून दिवसभर विसाव्याला ठेवतं. तसंच त्यानेही आदल्या दिवशी केलं होतं. कोरड्या फडक्याने पुसून झाकणावर एक कुंकवाचा ठिपका, बस्स. नोकरी जाईल ते वेगळंच, पण चौदा वर्षं मुरलेला मेकॅनिक मोटर धुतो, असं उद्या गावभर होणार होतं.

"मोटर जळली कीं नाहीं तें पाहूं द्या आधीं," तो म्हणाला. "मग घालवा मला."

आरडाओरडा ऐकून क्लबचे अध्यक्ष रामस्वामी आले आणि पायरीवर उभे राहिले. रेल्वेत इंजिनियर म्हणून हयात काढलेला माणूस. त्यांनी रावांना हातानेच गप्प केलं.

राणोजीने मेन स्विच पाडला. कपलिंगचे चार बोल्ट काढून मोटर पंपापासून सुटी केली आणि हाताने फिरवली. भिंगरीसारखी फिरली. वीज देऊन चालवली, तर जराही कुरकुरली नाही. म्हणजे मोटर धडधाकट होती. मग त्याने पंपाचा दांडा दोन्ही हातांनी धरून जोर लावला. तो जागचा हलेना. दांड्याभोवतीचं झाकण काढलं, तर गळती रोखणाऱ्या आतल्या दोरीचा कोळसा होऊन दांड्याला चिकटलेला. पाण्याविना पंप चालवला की असंच होतं, हे रामस्वामींना कुणी सांगायची गरज नव्हती.

"झडप बंद ठेवून पंप कुणी चालवला?" त्यांनी तमिळमध्ये विचारलं.

राणोजीने फक्त बोट दाखवलं. पूजेच्या सकाळी त्याने पाण्याची झडप बंद करून तिच्या चाकाला आणि नळाला मिळून हळदीचं सूत सात वेढे गुंडाळलं होतं, गाठीवर कुंकू लावलं होतं. सूत जसंच्या तसं होतं. स्टार्टरच्या दांड्यात अडकवलेली झेंडूची माळ मात्र सकाळपासूनच भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली होती.

"पंपघराची दुसरी किल्ली रावांच्या टेबलांत असते," राणोजी तमिळमध्येच म्हणाला.

पूजेच्या दिवशी दुपारी रावांचे दिल्लीचे पाहुणे पोहायला आले होते आणि रावांना त्यांच्यासाठी स्वच्छ पाणी हवं होतं, हे क्लबच्या माळ्यालाही ठाऊक होतं. राव अचानक इंग्रजीत शर्यतींच्या बक्षिसांबद्दल बोलू लागले.

रामस्वामींनी एकवार त्यांच्याकडे पाहिलं. मग राणोजीला म्हणाले, तुझी नोकरी कुठे जात नाही, दुरुस्ती कर. आणि निघून गेले. बस्स, एवढंच! चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायला निघाले होते. आता सुळी टळली, पण चोराचं नाव घ्यायला कुणी तयार नाही. राणोजीने तो राग गिळून दांडा घासला, नवी दोरी भरली, बोल्ट आवळले. दुपारपर्यंत पंप बोटाने फिरू लागला. मग त्याने हात धुतले आणि तो पायरीवर बसला.

राव धावत आले. मागे रामस्वामी आणि चार सभासद.

"बसलास काय? चालू कर!"

"झडप उघडायची तर सूत तोडायला हवं. मी नाहीं तोडणार."

"का?"

"माझ्या पुजेनं मोटर जळली म्हणालां ना? मी काय खोटं बोलुलालों काय? काल ज्यानं दांडा ओढला, त्यानं आज सूत तोडावं. तोंवर पाणी नाहीं."

रावांनी आशेने रामस्वामींकडे पाहिलं. रामस्वामींनी खिशातून घड्याळ काढलं आणि ते त्यात पाहू लागले.

राव उतरले. पांढऱ्या पाटलोणीनिशी त्या तेलकट फरशीवर गुडघे टेकले. सूत ओढलं, तुटेना. सात वेढे आणि सकवारबाईच्या, राणोजीच्या बायकोच्या हातचा पीळ. शेवटी वाकून त्यांनी ते दातांनी तोडलं. चाक फिरवलं, तसं पाणी पंपात घुसलं.

राणोजीने स्टार्टरचा दांडा ओढला. पंपाने पाणी धरलं.

"ओठ पुसा, राव," तो मराठीत म्हणाला. "कुंकूं लागलंय."