ओल असेपर्यंत

मोरीतल्या बादलीत टपकन थेंब पडला, तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की घर गप्प झालंय. नवरा दार आपटून गेला होता. ती भिंतीला टेकून बसली होती. ओठ फाटला होता, तोंडात रक्ताची आणि मातीची चव.

दुपारी टेम्पो येणार होता, तिची 'बसलेली बाई' ही मातीची मूर्ती प्रदर्शनाला न्यायला. नवऱ्याचं दगडातलं काम तिथून तिसऱ्या वर्षीही नाकारून परत आलं होतं. "चिखल कालवणारी तू," म्हणत त्याने दगड घडवायचा लाकडी मोगरा उचलला आणि फळीवरच्या मातीच्या पाच डोक्यांचा भुगा केला. मग मोगरा टाकून तो बाईकडे वळला. ती आडवी गेली. पहिला ठोसा तिच्या तोंडावर बसला, दुसरा बाईच्या छातीत.

आत पेंढा होता म्हणून बाई पडली नाही. नुसता खळगा पडला. त्यात चार बोटांची पेरं उमटली होती, अंगठीची कडसुद्धा.

सासूबाई ओला फडका घेऊन आल्या. "तोंड पूस आधी. आणि ओल आहे तोवर ते बुजवून टाक."

आजवर तिने हेच केलं होतं. त्याने मोडायचं, तिने भिजवायचं. आल्यागेल्याला सांगायची, "दगडाला घाव चुकला की काम गेलं. मातीचं बरं असतं, ती मनावर घेत नाही." लोक हसायचे. तीही हसायची.

तिने गोळा मळला, खळग्यापर्यंत नेला. तिथेच अंगठा थबकला. तिने गोळा परत बादलीत सोडला.

"बघतेस काय? थाप की."

"नाही बुजवत, आई."

"अगं, घरातलं चव्हाट्यावर मांडू नये."

"मी कुठे मांडतेय? सही ह्यांची आहे."

सासूबाईंचा हात कपाळावरच्या जुन्या व्रणाकडे गेला आणि तिथेच राहिला.

टेम्पोवाला आला. बाईभोवती फिरून त्याने खळगा पाहिला. "ताई, इथं दबलंय बघा. आम्ही नाही हां केलं. नंतर आमच्यावर नको."

"माहितीये. असंच न्या."

त्याने तिच्या ओठाकडे पाहिलं, मान खाली घातली आणि दोरखंड आणायला गेला.

तेवढ्यात खाटेखालून तिचा लेक बाहेर आला. सकाळपासून तो तिथेच होता. गुडघ्यांना धूळ, गालांवर वाळलेले ओघळ. तो बाईसमोर उभा राहिला. चवड्यांवर उंच होत त्याने आपली मूठ खळग्यात घातली. ती आत हरवूनच गेली, चहूबाजूंनी जागा उरली.

मूठ तशीच ठेवून त्याने मागे वळून पाहिलं.

"आई, मी मोठा झालो की बरोब्बर बसेल का गं?"