पोपटी रंगाचा मुलूख

१९७४ च्या हिवाळ्यात मलकापूरच्या आकारामांच्या डोळ्यांचं ऑपरेशन मिरजेला झालं. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधून डॉक्टरांनी बजावलं, मान हलवायची नाही. फौजेत उमेदीची वर्षं घालवलेला माणूस. पडून पडून वैतागला.

"अंबू, ट्रंकेतला नकाशा घिऊन ये," ते बायकोला म्हणाले.

"आवं, दिसना झालंय आन् नकाशा कशाला?"

"तू बघ. मला सांग."

अंबूबाई एस.टी.नं गावी जाऊन तो घेऊन आली. हिंदुस्थानचा जुना जर्मन नकाशा, हातानं रंगवलेला. महायुद्धात आकाराम वाळवंटात पकडले गेले, जर्मनीत कैदेत राहिले आणि येताना हा कागद घेऊन आले, एवढंच तिला ठाऊक होतं. घरी ते एकटेच तो उघडून बसायचे.

खाटेशेजारी बसून तिनं तो मांडीवर पसरला.

"समिंदर हाय. त्यात गलबतं. एक मासा, गलबतापरास मोठा. मग डोंगर, वारुळावानी एकाला एक लागून. त्यातनं नदी निघालीया."

"ती आपली कृष्णा."

"पर ही तर खाली जाऊन परत वर वळलीया!"

आकाराम हसले. "काढणारा हिकडं कवा आलाच न्हवता. खलाशांना इचारून काढलाय त्यानं."

अंबूबाईचं बोट पुढं सरकलं आणि थांबलं. "हितं नाव न्हाई, गाव न्हाई. नुसता पोपटी रंग. दुसरीकडं कुठंच असला न्हाई."

 आकाराम बोलायला लागले. छावणीतून त्यांना लाकडं फोडायला एका नकाशावाल्याच्या घरी नेत. म्हातारा योहान आणि त्याची बहीण क्लारा. त्यांच्या पणजोबानं तांब्याच्या पत्र्यावर हा नकाशा कोरला होता. योहान त्यावरून कागद छापायचा, क्लारा खिडकीशी बसून रंग भरायची, कुंचल्याचं टोक ओठांत धरून. रंग रेघेबाहेर गेला की भाऊ कुरकुरायचा.

"एकदा तिनं मला खुणंनं इचारलं, तुजं गाव कुठं? मी कोऱ्या जागंवर बोट ठिवलं. रंग कसला म्हनली. मला कोवळा ऊस आठवला. खिडकीतल्या कुंडीत नवं पान फुटलं हुतं, ते दावलं. तिनं त्योच रंग कालवला. लढाई सरली तवा कागद माज्या हातात दिला."

"आवडायची तुमास्नी?"

बाहेर टांग्याची घुंगरं वाजत लांब गेली.

"व्हय."

 अंबूबाईचं बोट त्या पोपटी रंगावरच होतं. मग ते माशाकडं सरकवत ती म्हणाली, "माशाचा डोळा लय खट्याळ हाय."

"डोळा पणजोबाचा. रंग तिचा."

बोलता बोलता आकारामांना झोप लागली. कललेल्या उन्हात अंबूबाईचीही मान खाटेला टेकली आणि ती त्या उलट्या कृष्णेच्या काठानं चालू लागली. वाळू गुलाबी होती. काठावर एक बाई कुंचला धूत बसली होती आणि तिच्या हाताखालून पाणी पोपटी होत वाहत होतं. तिनं अनोळखी बोलीत काहीतरी विचारलं. अंबूबाईला ते कळलं. "बरं हायती," ती म्हणाली, "डोळं तेवढं दुखत्यात." बाईनं सरकून जागा केली. दोघी पाण्यात पाय सोडून बसल्या.

पट्ट्या सुटल्यावर अंबूबाईच म्हणाली, नकाशाला काच लावून घेऊ. सांगलीत फ्रेमवाल्यानं तो उलटसुलट न्याहाळला.

"कुणी काढलाय हो?"

आकाराम पणजोबाचं सांगू लागले. तांब्याचा पत्रा झाला, योहान झाला.

"आन् रंग क्लाराबाईचं," अंबूबाई मध्येच म्हणाली.

आकारामांनी तिच्याकडं पाहिलं. नजर अजून धूसरच होती. फ्रेमवाल्यानं पट्टी कुठली लावू विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "हिला इचार."

तिनं साधी सागवानी निवडली.