पंचावन्न डिग्रीत चालणारा डबा

माझं डोकं उगाच फिरलं नाही, सांगते. विमानाला दिशा दाखवणाऱ्या यंत्रांची चाचणी घेणं हे माझं काम. आम्ही त्यांना डबेच म्हणतो. लखनौच्या सरकारी कारखान्यात पत्र्याखालची माझी खोली, जूनमध्ये त्रेचाळीस डिग्री. सहा वर्षं एसीसाठी अर्ज करतेय. उत्तर ठरलेलं, 'विचाराधीन'.

यंदा नवे डबे घ्यायचे होते. निवड दोघांतून, एक परदेशी, एक बंगळुरूचा. परदेशी कंपनीची अट अशी की चाचणीची खोली कायम बावीस डिग्रीवर हवी. म्हणजे एसी! आमचे खरेदीप्रमुख अवस्थीसाहेब लगेच तयार. बंगळुरूचा मेला पंचावन्न डिग्रीतही चालतो म्हणे.

शिफारस माझ्या सहीनं जायची होती. घरी लेकीला, रुचिराला विचारलं, "परदेशीच लिहून टाकू का गं?"

"लिख दो ना मम्मी, कौन देखेगा?"

खोटं कशाला बोलू, लिहायला बसलेही होते. पण सकाळी पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी, असत्य बोलणार नाही, तिथेच जीभ अडखळली. दोन्ही डबे मीच तापवून पाहिले होते. चाळिशीच्या पुढे परदेशी डबा दिशा चुकवायला लागला, आपला पंचावन्नलाही तीन दिवस बिनचूक. आणि उन्हात उभं विमान काय बावीस डिग्रीत असतं? लिहिलं, 'देशी घ्यावा. पंचावन्न डिग्रीतही उत्तम चालतो.' आणि ठोकली सही.

देशी डबा मंजूर झाला. आठवड्यानं माझा एसीचा अर्ज परत आला. शेरा होता, 'आपल्याच अहवालानुसार उपकरण पंचावन्न डिग्रीत उत्तम चालते. सबब एसीची गरज नाही.' वर पुरावा म्हणून माझाच अहवाल टाचलेला.

कपाळ माझं! खुर्ची उचलली आणि थेट अवस्थीसाहेबांच्या गारेगार केबिनमध्ये नेऊन ठेवली.

"आइए मॅडम, शरबत लेंगी?"

"लेंगे. और अब यहीं बैठेंगे. पचपन डिग्री में डिब्बा चलता है, साहब. हमारी टेस्ट किसने की?"

"मॅडम, आप तो सालों से चल रही हैं."

मग मात्र माझा आवाज चढला. "परदेसी डिब्बे ने एक बार कहा, आप एसी देने चले. हम घर के हैं, तो पकते रहें?"

 साहेबांनी हळूच आपल्या टेबलावरच्या फायली एका बाजूला सरकवून अर्धं टेबल माझ्यासाठी मोकळं केलं.