केबल काढून तपासलेली डिस्क

घरात तिला सगळे आत्या म्हणत, सख्खा धाकटा भाऊसुद्धा. मुलांच्या तोंडून ऐकून ऐकून त्यालाही तीच सवय लागली होती. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर आत्याने एक भलताच उद्योग अंगावर घेतला. कुठे कुठे विखुरलेली मूठभर माणसं जुन्यापान्या कॉम्प्युटरांसाठी एक ऑपरेटिंग सिस्टीम तयार करून फुकट वाटत. ती मशीनवर चढवायला डिस्क लागते, आणि त्या डिस्कची इमेज, म्हणजे सगळा ऐवज एका फायलीत बसवलेला साचा, कुणीतरी बांधावा लागतो. आधीच्या माणसाने हात टेकले तेव्हा ते काम आत्याकडे आलं.

भावाचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. लोक निवृत्तीनंतर गुडघे सांभाळतात आणि आमची आत्या तबकड्या थापते, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. आत्या हसून सोडून देई. पहिली इमेज स्वयंपाकघरातल्या मशीनवर सुरळीत चढली, तेव्हा मात्र तिचे पाय जमिनीवर ठरेनात. डिस्क तयार आहे, असं तिने मंडळींना कळवूनही टाकलं आणि एक प्रत घेऊन मिरवायला दुकानात गेली.

दुकानातल्या मागच्या खोलीतलं मशीन निम्म्यात अडलं. फाइल सापडत नाही म्हणे. भाऊ आधी हसला. मग आत्याचा चेहरा पाहून त्याने विचारलं, घरी तपासलीस तेव्हा नेटची केबल लावलेली होती का?

केबल कायमच लावलेली असे, आणि मागच्या खोलीतल्या या मशीनला ती नव्हतीच. आत्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ती फाइल डिस्कवर नव्हतीच. घरी मशीन ती गुपचूप नेटवरून आणत होतं. आणि ही डिस्क तर ज्यांच्याकडे नेट नाही त्यांच्यासाठीच होती.

"जाऊ दे गं," भाऊ म्हणाला. "पुढच्या खेपेला सुधार. कोण बघतंय?"

"ज्याच्याकडे नेट नाही तो बघेल. आणि तो मला कळवणार कसा?"

तिथूनच, त्याच्या काउंटरवर बसून, तिने मंडळींना लिहिलं की इमेज मागे घेते, चूक माझी आहे. घरी येऊन केबल उपटली, गुंडाळली आणि भावाकडे ठेवायला दिली. स्वतःवर भरवसा नव्हता. राहिलेल्या फायली दुकानातल्या नेटवरून उतरवून आणून घातल्या तर डिस्कमध्ये जागा पुरेना. मग तिने शोभेची चित्रं काढली, पत्त्यांचा डाव काढला, आणि सगळं कसंबसं कोंबून बसवलं.

या वेळी मागच्या खोलीतल्या त्याच मशीनमध्ये डिस्क भावाने स्वतः घातली. दोघं खुर्च्या ओढून बसले. काम किती झालं ते दाखवणारी पट्टी सरकत सरकत आधी अडली होती त्या जागी आली, तेव्हा आत्याने पडद्यावरची नजर काढून भिंतीकडे वळवली. भावाने कोपर मारलं तेव्हा समोर नवी सिस्टीम उघडलेली होती.

दारातल्या गिऱ्हाइकाने डोकावून विचारलं, ही कुठल्या कंपनीची?

"कंपनीची नाही," भाऊ म्हणाला. "आमच्या आत्याने बांधलीय."

मग त्याने खणातून केबल काढून तिच्या हातात ठेवली. "आता लाव. पाठव सगळ्यांना."