एक नंबर टायर

रत्नमालाच्या गाडीला कुणी 'खेळणं' म्हटलं, की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. गाडी लहान होती, हे मान्य. दोन सिलिंडरचं इंजिन, चिंचोळी चाकं, अन् मागच्या हौद्यात नटबोल्टांनी आवळून बसवलेली पिठाची चक्की. पण हेच खेळणं तिच्या पिशोर गावाच्या आसपासच्या नऊ वस्त्यांचं दळण दारात जाऊन दळत होतं. डोक्यावर गाठोडं घेऊन बाया पिशोरच्या गिरणीपर्यंत चार-चार किलोमीटर तुडवायच्या, ते बंद झालं होतं. मग खेळणं कसलं हो? बोलणाऱ्याच्या जिभेला काय, हाड नसतं.

सगळ्या वारांत तिचा जीव गुरुवारात. गुरुवारी खडकवस्ती, अन् खडकवस्तीवर दगडाबाई.

तीन वर्षांपूर्वी चक्की नवीकोरी होती. रत्नमालानं हौसेनं काचेवर निळ्या अक्षरांत 'जय भीम' लिहून घेतलं होतं. बाया दळण घेऊन यायच्या, काच बघायच्या, अन् चुलीवर दूध ठेवलेलं आठवल्यासारखं करून माघारी फिरायच्या. तोंडावर कुणी काही बोललं नाही. बोललं असतं तर बरं, भांडता तरी आलं असतं. खडकवस्तीवर पहिल्या दिवशी ती तासभर नुसती उभी राहिली. गाडी वळवायच्या बेतात होती, तेवढ्यात सत्तरी गाठलेली दगडाबाई पायलीभर ज्वारी घेऊन आली. मागून तिची जाऊ कुजबुजली, "अगं, चक्की कुणाची हाय बघितलं का?"

दगडाबाई गर्रकन वळली अन् साऱ्या वस्तीला ऐकू जाईल अशी म्हणाली, "व्हय, बघितलं. तुझी जात घाल तुझ्या जात्यात अन् दळत बस दिसभर. मला भाकरी थापायच्यात."

बायका खुदुखुदु हसल्या. पुढच्या गुरुवारी सहा गाठोडी आली, त्याच्या पुढच्याला पंधरा. एका वस्तीनं दळलं म्हणून दुसरीनं दळलं. त्या पायलीभर ज्वारीचे उपकार रत्नमाला विसरणं शक्यच नव्हतं.

अन् म्हणूनच गेल्या पावसाळ्याचा काटा तिच्या मनात रुतून बसला होता. खडकवस्तीच्या वाटेवर आधी ओढ्याकाठची काळी माती लागते, मग दगडी चढ. गेल्या साली त्या काळ्या मातीनं गाडी धरली ती धरलीच. ट्रॅक्टर लावून काढावी लागली, अन् मग पाच गुरुवार तिकडं जाताच आलं नाही. त्यातल्या चौथ्या गुरुवारी दगडाबाई पायी पिशोरला निघाली, ओढ्याजवळ घसरली अन् मनगट मोडून बसली. बातमी ऐकली तशी रत्नमाला तिला बघायला धावली. दळणासाठीच निघाली असणार, दुसरं काय? प्लास्टरमधला हात बघून ती ढसाढसा रडली. म्हातारी 'राहू दे गं' म्हणाली, अन् विषय तिथंच राहिला. रत्नमाला वर्षभर मनात माफीची वाक्यं जुळवत होती. गुरुवार आला, की ती घशातच अडकायची.

यंदा मात्र तिनं ठरवलं. पाऊस पडो नाहीतर आभाळ पडो, खडकवस्तीचा एकही गुरुवार चुकणार नाही. चाकं मोठी टाकायची. चिखल धरणारी, जाड नक्षीची, ऑल-टेरेन म्हणतात तसली.

शहरात उस्मानपुऱ्याला गॅरेज असलेल्या मुजीबचाचांकडं तिच्या गाडीचं सगळं काम. चाचा माणूस लाखमोलाचा. चक्की गाडीवर बसवून दिली ती त्यांनीच. तिनं फोन लावला तेव्हा मागं चक्की धडधडत होती, अन् अर्धं बोलणं तिच्यातच दळून निघत होतं.

"हौ बेटा, डालते ना! पन एक नंबर डालना. दो नंबर नक्को, बिल्कुल नक्को! छोटा…" पुढचं काही ऐकू आलं नाही.

"कळलं चाचा, कळलं!" रत्नमाला ओरडली. न कळायला काय झालं? दोन नंबरचा माल म्हणजे बनावट माल, हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक. अस्सल घ्यायचे, एक नंबर. चाचांना आपली केवढी काळजी, म्हणून तिला भरूनही आलं.

मंगळवारी ती शहरात गेली अन् एका मोठ्या दुकानात शिरली. दुकानदाराला खडसावून विचारलं, "एक नंबर आहे ना माल?" तो म्हणाला, "ताई, एकदम एक नंबर. पक्कं बिल देतो." मग तिनं आपल्या गाडीला बसू शकतील त्यांतले सगळ्यांत दांडगे टायर निवडले. एकेकाच्या नक्षीत बोट पहिल्या पेरापर्यंत आत जायचं. ते बघूनच तिला काळ्या मातीची कीव आली.

ते घेऊन उस्मानपुऱ्यात गेली तर चाचा नव्हते. पर्यटकांची एक बस बंद पडली म्हणून फर्दापूरला गेले होते. गॅरेजमध्ये त्यांचा फिटर अभय. चाळिशीचा, मितभाषी, हाताला सफाई असलेला माणूस. त्यानं जुनं चाक नव्याशेजारी उभं केलं अन् डोकं खाजवलं.

"ताई, लई मोठे वाटायलेत. चाचांना इचारू का?"

"चाचांनीच सांगितलंय," रत्नमाला फणकारली. "एक नंबर आहेत. बिल दाखवू?"

चाचांचं नाव निघाल्यावर अभय काय बोलणार? त्यानं जॅक लावला. चाकं चढली, पण स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर मडगार्डला घासायचा. मग त्यानं मडगार्डची कड ठोकून आत वळवली, चाकांवरच्या चारी कमानपाट्यांत, म्हणजे स्प्रिंगांत, एकेक पट्टी वाढवली, गाडी चार बोटं वर उचलली. पुन्हा वळवून बघितलं, डावीकडं, उजवीकडं. घासणं बंद झालं. संध्याकाळी खेळणं असं ऐटीत उभं राहिलं, की रत्नमालानं चार बाजूंनी फोटो काढले.

परतीच्या वाटेवर गाडी जरा जड वाटली. वरच्या गिअरला ओढेना, सारखं खालच्या गिअरला यावं लागायचं. शिवाय काटा चाळीसवर असताना झाडं मात्र पन्नासच्या वेगानं मागं पळत होती. तिनं मनाला समजावलं, नवी चप्पल दोन दिवस चावणारच. माणसाला एकदा पटवून घ्यायचं म्हटलं, की तो काय वाट्टेल ते पटवून घेतो.

गुरुवार उजाडला. दोन दिवस पाऊस झोडपत होता, तो सकाळी थांबला. ओढ्याकाठची काळी माती लोण्यासारखी झाली होती. रत्नमालानं पहिला गिअर टाकला, दात आवळले, अन् काय सांगावं! गाडी त्या चिखलातून अशी निघाली, जशी डांबरी रस्त्यावरून चाललीय. चाकं चिखल उडवत, माती धरत पुढं, अन् बघता बघता पलीकडं. "अरे वा रे माझ्या पठ्ठ्या!" ती एकटीच केबिनमध्ये ओरडली.

मग चढ आला.

अर्ध्या चढावर इंजिन कुंथायला लागलं. तिनं ॲक्सिलरेटर तळाला दाबला. क्लचचा जळका वास आला, गाडीनं एक आचका दिला अन् बंद पडली. अन् चक्कीच्या ओझ्यासकट मागं सरकू लागली. रत्नमालानं ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला, तरी गाडी इंचाइंचानं घसरतच होती.

तेवढ्यात मागच्या चाकाखाली 'धप्प' आवाज झाला अन् गाडी थांबली. आरशात दगडाबाई दिसली. चढावरच्या बांधावर बसून ती वाट बघत होती, अन् मोडून सांधलेल्या हातानं भलाथोरला धोंडा लोटून तिनं चाकामागं घातला होता. "उतर आधी!" ती ओरडली. "गाडी गेली उडत, तू उतर!"

वस्तीवरच्या बाया धावत आल्या, चारी चाकांना दगड लावले. रत्नमालानं खाली उतरून मुजीबचाचांना फोन लावला, अन् बोलायला लागली ती भांडायलाच लागली. "चाचा, तुम्ही म्हणालात म्हणून एक नंबर टाकले! अस्सल! बिलासकट! अन् गाडी चढ चढंना!"

"साइज क्या है, साइज? बाजूपे लिखेला रहता. पढ़ो."

तिनं वाचली. पलीकडून कपाळावर हात मारल्याचा आवाज फोनमधून साफ ऐकू आला.

"अगे बेटा! मैं क्या बोल्या था? एक नंबर! मतलब साइज में एक नंबर बड़ा! दो नंबर बड़ा नक्को, छोटा इंजन है! तुम तो छोटे बच्चेकू बाप के जूते पिन्हाके दौड़ाए!"

भोवतीच्या बायांना रत्नमालानं हे सांगितलं, तर हसून हसून त्यांची पुरेवाट झाली. खरं तर तिलाही हसू येत होतं अन् रडूही.

चाचा फोनवर बोलतच होते. आता पुढं चढवू नको, दगड काढत काढत सावकाश खाली घे. उद्या सकाळी ये, एक नंबर मोठा सेट तुझा फोन आला त्या दिवसापासून तुझ्यासाठी बाजूला काढून ठेवलाय. हे दांडगे टायर फर्दापूरच्या एका मोठ्या इंजिनवाल्याला चालतील, मी बघतो. "अन् अभयवर नक्को चिडना. मेराच गलती, बराबर समझाया नहीं." गलती कुणाची होती ते साऱ्या जगाला दिसत होतं, अन् हा भला माणूस ती आपल्या अंगावर घेत होता. "चाचा, लई उपकार झाले तुमचे," एवढंच तिला बोलता आलं.

बायांनी दगड सरकवत सरकवत गाडी चढाच्या पायथ्याशी, सपाटीला आणली. काळी माती आता मागं राहिली होती. रत्नमाला मान खाली घालून म्हणाली, "तुमच्या दारापर्यंत यायचं ठरवलं होतं गं. माझ्यानं झालं नाही."

"चिखल तू तुडवलास की," दगडाबाई म्हणाली. "चढ आम्ही उतरतो. आणा गं दळणं!"

बाया गाठोडी आणायला वर गेल्या. खाली दोघीच उरल्या. दगडाबाई सांधलेलं मनगट दुसऱ्या हातानं चोळत होती, अन् ते बघून रत्नमालाच्यानं राहवेना. घशातलं एकदाचं बाहेर आलं.

"माय, गेल्या साली तुझा हात माझ्यामुळं मोडला. मी आले नाही, म्हणून तुला दळण घेऊन पायी निघावं लागलं. वर्ष झालं, मला माफी मागायचीय."

दगडाबाईनं डोळे बारीक केले. "कसलं दळण?"

"पिशोरला निघाली होतीस ना तू?"

"निघाले व्हते. पर दळण कशाला नेऊ? घरात जातं हाय, दोन सुना हायेत." म्हातारीनं तिच्याकडं असं बघितलं, जसं साधी बेरीज न येणाऱ्या पोराकडं बघावं. "तीन गुरुवार झाले, तू आली नाय. नातवानं फोन लावला तर बंद. म्हणलं, पोरगी एकटी गाडी घेऊन फिरती. आजारी पडली का? पुन्हा कुणी काय वंगाळ बोललं का? जीव राहिना. म्हणून तुला बघाया निघाले व्हते."

रत्नमाला तिच्या पायाशी बसली. त्या आठवड्यांत तिचा फोन चिखलात पडून बिघडला होता खरा. तेवढ्या दिवसांत कुणी आपली वाट बघत असेल, कुणी आपल्यासाठी चार किलोमीटर चिखल तुडवायला निघेल, हे तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. वर्षभर जुळवलेली माफीची सगळी वाक्यं आता बिनकामाची झाली होती.

"माय," ती डोळे पुसत म्हणाली, "मला वाटायचं, तुम्ही सगळ्या चक्कीची वाट बघता."

"चक्कीची कोण वाट बघतंय?" दगडाबाई म्हणाली, अन् तिच्या डोक्यावरून तोच सांधलेला हात फिरवत राहिली.