विहिरीची ओटी

नंदनवन वस्तीतली आमची विहीर मी बुजवणार होती, हे साऱ्या मोहल्ल्याले ठाऊक होतं. त्याच विहिरीत माही पोर शामला गेली. दिवाळीले माहेरी आली, सकाळी पाणी काढाले गेली अन् पाय घसरला. पण लोकाईच्या तोंडाले कोण हात लावते? सासरी जाच होता म्हणे, उडीच घेतली म्हणे. कोणी पाह्यलं नाही अन् सारेच सांगून राहिले. विहीर दिसली का बाया थांबत, कुजबुजत. म्हणलं, विहीरच नको.

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात विहीर बुजवाले मलब्याच्या बैलबंड्या आणवल्या. माहे मालक, मारोतराव, हातमाग सोडून उठून आले. जितं पाणी बुजवणं पाप हाय, म्हणे, आधी तिची ओटी भर. भरली. खण-नारळ ठेवला अन् रिवाजापरमाणं शेवटची बादली काढली. तिच्यात बोटभर मासा निघाला. उंदराच्या पिल्लावानी गुलाबी. अन् डोळेच नाहीत, बाई!

ओटीले शेजारच्या पुष्पलताबाई आल्या होत्या, कालेजात प्राणीशास्त्र शिकवत. त्या तर बादलीपाशी फतकल मारूनच बसल्या. जमिनीखालच्या फटीत, अंधारात राहणारी जात आहे, कुठंच नोंद दिसत नाही, विहीर बुजली तर जात संपेल, असं सांगत माह्या हातापाया पडू लागल्या. माहं डोस्कं भणकलं. एकुलती पोर होती माही. माही जात संपली तवा कोण आलं होतं? बंडीवाल्याले म्हणलं, टाक पहिलं घमेलं.

त्यानं घमेलं उचललं. तेवढ्यात मासा बादलीत हलला, अन् मी विचारून बसली, "बाई, हा जगते किती?"

"नक्की नाही सांगता येत. पण असे मासे बरीच वर्षं जगतात."

"शामलाले तीन दिवाळ्या झाल्या. हा तवा तिथंच होता का?"

बाई म्हणाल्या, "असेल."

मी बादलीत हात घातला. जे तिथं नव्हते ते तीन वर्षं बोलून राहिले. हा माह्या पोरीपाशी होता, अन् ह्याले ना डोळे ना वाचा. तिथंच बसून मी रडली.

बंड्या परत धाडल्या. बाईनं मासा बाटलीत मागितला. दुसरा सापडला तर घ्या, म्हणलं, हा नाही. माह्याच हातानं खाली सोडला.

आता कालेजची पोरं विहीर पाहाले येतात. मोहल्ल्यातली कोणी ना कोणी बाई त्याईले शामलाचीही गोष्ट सांगते. मी ऐकते, जळते अन् दार लावून घेते. त्या विहिरीचं पाणी अजून माह्या घशाखाली उतरत नाही.