दिवा लागायच्या आत

मीरासाब खाँसाहेबांकडे गाणं शिकायला पैसा लागत नसे, पण वेळ पाळावी लागे. संध्याकाळी घरात दिवा लागायच्या आत शागीर्दाने तंबोऱ्यासमोर मांडी घातलेली असली पाहिजे. दिवा लागला की दार बंद. मग येणारा कुणी सरदाराचा मुलगा असला तरी त्याने बाहेरूनच परत जायचं.

तवनाप्पाला ही अट फार सोपी वाटली होती. फुकट शिकवणारा गुरू मिळाल्यावर वेळेचं एवढं काय! पण पोट बरोबर घेऊन हिंडावं लागतं हे माणूस आनंदाच्या भरात विसरतो.

वडील गेले तशी चुलत्यांनी “गाणंबिणं आपल्यात शोभत न्हाय” म्हणून हात वर केले आणि तो गडमुडशिंगीहून कोल्हापुरात आला. शाहूपुरीची पेठ तेव्हा नवीनच वसत होती. तिथे नेमगोंडा अण्णांच्या अडतीवर गुळाच्या ढेपा उचलायचं काम त्याला मिळालं. पगार बेताचा, तोही बराचसा आईकडे जाई. पण दोन वेळचं जेवण अण्णांच्या घरी होतं. अण्णा जैन, तवनाप्पाही जैन. सूर्य बुडाल्यावर कुणी घास तोंडात घालायचा नाही. त्यामुळे कौलांवर ऊन असतानाच पानं वाढली जात. नेमक्या त्याच वेळी तवनाप्पाला गाव ओलांडून खाँसाहेबांचं दार गाठायचं असे. जेवायला बसला तर तिकडे दिवा लागे, गाण्याला गेला तर सूर्य बुडे.

तीन महिने तो गाण्याला गेला.

फुकट शिकायचं आणि वर वेळही आपल्या सोयीची मागायची, याची त्याला लाज वाटे. अण्णांच्या घरी तो सांगे, “भूक न्हाय.” दिवसभर ढेपा उचलणाऱ्या जवान गड्याला भूक नाही, आणि घरच्यांनीही ते खरं मानलं! सोयीचं असलं की माणसं काय वाटेल ते खरं मानतात.

खाँसाहेब मारवा शिकवत होते. हा राग तसा छळवादी. षड्ज म्हणजे गाण्याचं घर, पण मारव्यात त्या घरी लवकर परतायचं नसतं. बाहेर धैवतावर श्वास धरून उभं राहायचं. तवनाप्पाचा श्वास तिथेच सुटे आणि तो धडपडत षड्जावर येऊन बसे.

त्यात रमजान लागला. बांग झाली की खाँसाहेब खजूर तोंडात टाकत, पाणी पीत आणि तंबोरा घेत. “दिसभर पान्याचा घोट घेतला न्हाय मी, तरी माझा सूर हलतोय का बघ. आनि तू जेवूनखावून येतोस! घरला परतायची एवढी घाई का रं तुला?”

तवनाप्पा मान खाली घालून ऐकून घेई.

गळा मात्र खरा होता, म्हणून तर खाँसाहेबांना संताप येई. शेवटी त्यांनी ठरवलं, पोराला गंडा बांधायचा. गुरू शागीर्दाच्या मनगटाला दोरा बांधतो, आपल्या हाताने त्याच्या तोंडात गूळ-हरभरे घालतो, आणि त्या दिवसापासून तो शागीर्द त्या घरचा होतो. तोवर कितीही शिकला तरी तो पाहुणाच. हे कळल्यावर तवनाप्पाला दोन रात्री झोप आली नाही. मुसलमानाच्या हातचं खाल्लं म्हणून भाऊबंद काय म्हणतील, याचा त्याने नीट विचार केला आणि ठरवलं, म्हणू देत.

गंड्यासाठी ठरलेला गुरुवार आला. बांग झाली, रोजा सुटला, खाँसाहेबांनी दोरा बांधला. मग गूळ-हरभरे घेऊन त्यांचा हात तवनाप्पाच्या ओठांशी आला आणि तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं. भाऊबंदांचा विचार त्याने केला होता, सूर्याचा केलाच नव्हता. त्याने ओंजळ पुढे केली, गूळ-हरभरे घेतले आणि तसाच बसून राहिला.

खाँसाहेबांचा चेहरा उतरला. “आमच्या हातचं गानं चालतंय,” ते हळू म्हणाले, “गूळ चालत न्हाय व्हय?”

“तसं न्हाय जी.” तवनाप्पाने दाराबाहेर पाहिलं. “दिस बुडालाय.”

खाँसाहेबांचा सारा जन्म जैन शेजाऱ्यांत गेला होता, रिवाज त्यांना ठाऊक होता. “मग तू जेवतोस कवा?”

दारात उभ्या त्यांच्या बायकोने, मेहमुदाने, उत्तर दिलं. “कवा जेवनार? तीन महिनं ह्याच वक्ताला आपल्याकडं येतोय की त्यो.”

“खरं हाय?”

“व्हय जी.”

खाँसाहेबांना फार शरम वाटली. रोजे धरल्याचा तोरा त्यांनी कुणापुढे मिरवला होता! तीन महिने जो उपाशी गात होता, त्याच्यापुढे. ते वाकले आणि त्यांनी मनगटाचा दोरा सोडला.

संपलं, असं तवनाप्पाला वाटलं. त्याचे डोळे भरून आले.

“रडतोस कशाला? ह्या वक्ताला तू खाईनास, आनि दिसा मी. ईदला दुपारी ये. दोघंबी उन्हात खाऊ.”

ईदच्या दुपारी गंडा बांधला गेला. तवनाप्पाने गूळ-हरभरे खाल्ले आणि आणखी मागून घेतले. निघताना खाँसाहेब म्हणाले, “उद्यापास्नं जेवून यायचं.”

“पर तवर दिवा लागंल की जी.”

खाँसाहेब तंबोऱ्याला गवसणी घालायला लागले होते.

दुसऱ्या दिवशी तो जेवायला बसला खरा, पण घास गिळताना सारं लक्ष दाराबाहेरच्या उन्हाकडे. हात धुतले आणि धावत सुटला. निम्म्या वाटेत अंधारलं. गल्लीत शिरला तेव्हा घराघरांत दिवे लागले होते, आणि गंडा बांधलेल्या हाताने दार ठोठावायचं कसं, याची त्याला धास्ती पडली होती.

खाँसाहेबांच्या घरात काळोख होता. दार सताड उघडं. आत तंबोरा मांडीवर घेऊन ते नुसते बसून होते, आणि कोनाड्यापाशी मेहमुदा काड्यांची पेटी हातात धरून उभी होती.

“बसलास का?” अंधारातून खाँसाहेबांनी विचारलं.

“बसलो जी.”

“मग लाव आता दिवा,” ते बायकोला म्हणाले.